खिडकी आपली, अंगण शेजाऱ्याचे

समजा, दोघांच्या मालकीचे एक सामाईक अंगण आहे आणि त्याची वाटणी करायची असे दोघांनी ठरवले आहे. जमीन मोजून झाली, हिस्से ठरले. आता मध्ये भिंत घालायची की नाही? एकाला ती हवी आहे. दुसरा म्हणतो, खुणेपुरता बांध पुरे, भिंतीचा खर्च मी का सोसू? हे भांडण आपल्याकडच्या कोणत्याही वाड्याला नवे नाही. ज्यू धर्मशास्त्राने मात्र ते सोडवताना जो प्रश्न विचारला, तो विलक्षण आहे. भिंत नसेल, तर एकाच्या घरातले व्यवहार दुसऱ्याला सतत दिसत राहणार. हे नुसते दिसणे म्हणजे नुकसान मानायचे काय?

ज्यू समाज आपल्याला अनोळखी नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. पण शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध यांपलीकडे हे धर्मशास्त्र किती दूरवर घराच्या उंबऱ्याआत शिरते, याची आपल्याला फारशी कल्पना नसते.

या धर्मशास्त्राचा पाया म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेली 'मिश्ना' ही संहिता. तिच्यावर पुढच्या काही शतकांत पंडितांनी केलेला खल 'तालमूद'मध्ये ग्रथित झाला आहे. अंगणाच्या प्रश्नावर तिथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाहिल्याने वस्तू झिजत नाही, की जागा कमी होत नाही. मग नुकसान कसले? दुसरा म्हणतो, ज्या अंगणात माणसाला मोकळेपणाने वावरता येत नाही, ते अंगण नावापुरतेच त्याचे. अखेर दुसरा पक्ष मान्य झाला. नजरेने होणारे नुकसान, त्यांच्या भाषेत 'हेझेक रेइया', हे खरेखुरे नुकसान ठरले. भिंत चार हात उंच हवी आणि ती दोघांनी मिळून बांधायची. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या आणि आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या 'शुल्हान आरुख' या ग्रंथानेही हाच निर्णय उचलून धरला.

एकदा हे तत्त्व मान्य झाले, की बाकीचे नियम ओघानेच येतात. सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर नवे दार किंवा खिडकीसमोर नवी खिडकी उघडायची नाही. सार्वजनिक रस्त्याच्या बाजूला मात्र मुभा आहे, कारण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडणारच. आपली गच्ची शेजाऱ्याच्या अंगणाला लागून असेल, तर तिला चार हात उंच कठडा घालायचा. याचे कारण मोठे मार्मिक आहे. अंगणातला माणूस म्हणतो, माझी वावरण्याची वेळ ठरलेली आहे. तू गच्चीवर केव्हा येशील याचा नेम नाही, मग मी स्वतःला सावरू केव्हा?

देण्याघेण्याच्या व्यवहारातही हीच दृष्टी आहे. कर्ज दिलेल्या सावकाराला तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरता येत नाही. त्याने बाहेर उभे राहायचे आणि वस्तू ऋणकोने आणून द्यायची, ही बायबलमधील अनुवाद ग्रंथाची आज्ञा. पैसा बुडाला तरी उंबरा बुडत नाही! इसवी सन 1000 च्या सुमारास जर्मनीतील माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्या नावाने चालत आलेला निर्बंध तर दुसऱ्याचे पत्र परवानगीवाचून वाचायला बंदी करतो. आजचे रब्बी तोच निर्बंध ई-मेललाही लावतात.

या सर्व नियमांत एक सूत्र आहे. शालीनता राखण्याची जबाबदारी इथे दिसणाऱ्यावर ढकललेली नाही. ती पाहणाऱ्यावर आहे. अंगणातल्या बाईने पदर सावरावा असे न म्हणता गच्चीच्या मालकाने कठडा बांधावा, असे शास्त्र म्हणते.

अर्थात, ही एकच बाजू सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच परंपरेत 'त्स्नियुत', म्हणजे शालीनता, या नावाखाली स्त्रियांच्या बाह्या किती लांब असाव्यात, विवाहितेने केस कसे झाकावेत, याचेही काटेकोर नियम आहेत. इस्राएलमध्ये काही कर्मठ वस्त्यांच्या बसमार्गांवर स्त्रियांना मागे बसवण्याची प्रथा पडली. 2011 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ही सक्ती बेकायदा ठरवावी लागली. पुरुषाने आपली नजर आवरावी, असेही हेच शास्त्र सांगते. पण कठडा बांधायला खर्च येतो आणि दुसऱ्याला झाकून घ्यायला सांगणे फुकट असते. म्हणून शास्त्राचा हा सोपा भाग सर्वत्र आधी पाळला जातो. हा दोष एकट्या ज्यू समाजाचा नव्हे.

आपल्याकडेही शालीनतेची चर्चा निघाली, की ती मुलींच्या कपड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वास्तविक 1882 च्या आपल्या सुविधाधिकार कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्काचे एक उदाहरण खिडकीचेच आहे: गावची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठे आक्रमण करणारी नवी खिडकी कोणालाही उघडता येत नाही. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कायदा आहे, सवय नाही.

आणि आता खिडक्या वाढल्या आहेत. दारावर लावलेला कॅमेरा चोरासाठी असतो, पण दिवसभर पाहतो तो समोरच्यांच्या दाराकडे. त्यांच्याकडे कोण आले, केव्हा गेले, सगळे टिपून ठेवतो. लग्नाघरी कुणाही लेकीसुनेचे छायाचित्र न विचारता काढले जाते आणि तासाभरात नात्यागोत्यात फिरते. विचारले तर उत्तर तयार असते: "त्यात काय बिघडले? नुसते पाहिले तर!"

त्या जुन्या भांडणातला पहिला पक्ष नेमके हेच म्हणत होता. तो हरला, ते बरे झाले. कॅमेरा बसवणाऱ्याला बोलावण्यापूर्वी समोरचे दार ठोठावून "इथून तुमचे घर दिसते का, जरा पाहता का?" एवढे विचारायला काय हरकत आहे? त्यासाठी कोणत्याही धर्मग्रंथाची गरज नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी हे विचारलेले मुलांनी एकदा पाहिले, तरी ती पुढच्या वेळी फोन उगारण्यापूर्वी क्षणभर थांबतील.