पक्षी ‘मिळत’ नसतो

थंडी पडली, की पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांच्या कँटीनमधे एक क्रियापद जोरात चालतं. ‘मिळणे’. "शनिवारी भिगवणला गेलो होतो, ऑस्प्रे मिळाला." "पट्टकादंब मिळाले का?" "नाही रे, पण फ्लेमिंगोचा फ्लाईट शॉट मिळाला, एकदम कडक!"

मंडळी, भाजी मिळते. पार्किंग मिळतं. रिक्षा मिळते (नशीब असेल तर). पक्षी मिळत नसतो, दिसतो. आणि तोसुद्धा त्याच्या मर्जीने.

आता म्हणाल, हा उगाच शब्दांचा कीस पाडतोय. तर नाही. ‘दिसणे’मधे आपण प्रेक्षक असतो आणि ‘मिळणे’मधे गिऱ्हाईक. पहाटे चारला उठून, शंभर किलोमीटर गाडी चालवून, होडीचे पैसे मोजून गेलेल्या गिऱ्हाइकाला माल मिळाला नाही की ते चिडतं. मग ते होडी अजून थोडी आत घ्यायला सांगतं. मोबाईलवर आवाज वाजवतं. पाणथळ जागी पक्ष्यांना छळणारी माणसं शंभरातली नव्वद सज्जन असतात. आपल्यातलीच असतात. कचरा करत नाहीत, दारू पीत नाहीत, घरी भिंतीवर सलीम अलींचा फोटो असतो. म्हणूनच हा प्रश्न ‘चांगलं वागा’ असं सांगून सुटत नाही. अंतर किती ठेवायचं आणि पत्ता कुणाला सांगायचा, याचे कडक नियम स्वतःला घालून घ्यावे लागतात. माझा मुद्दा एवढाच. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

उदाहरण भिगवणचंच घेऊ, कारण बहुतेकांचा विकांत तिथेच साजरा होतो. उजनी धरणाचा फुगवटा, कुंभारगाव, डिकसळ. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या होडीत सहा जण होते. सगळ्यांच्या लेन्सेस एकत्र केल्या तर वन-बीएचकेचं डाऊन पेमेंट निघालं असतं. समोर दोन-तीनशे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, पाण्यात माना घालून निवांत चरत होते. होडीतून आवाज आला, "दादा, जरा आत घ्या ना. उडतायत का बघू." नावाडी दोन क्षण थांबला, मग त्याने बांबू रेटला. सगळा थवा पाण्यावर धावत धावत उठला. पंखांचा तो लाल-काळा रंग, आकाशभर. क्लिक क्लिक क्लिक. थवा अर्धा किलोमीटर लांब जाऊन बसला. तिथे दुसरी होडी होतीच. दीड तासात तोच थवा चार वेळा उडाला.

चारही होड्यांमधली माणसं त्या दिवशी फेसबुकवर ‘निसर्ग वाचवा’ लिहून मोकळी झाली असणार. असो.

याला कायदा काय म्हणतो ते बघा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. आपल्याला वाटतं शिकार म्हणजे बंदूक. व्याख्येत मारणं आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि प्राण्याला हाकणंही आहे, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा. पक्ष्यांच्या बाबतीत तर अंडी किंवा घरटं यांना नुसता त्रास देणं हेही त्याच व्याख्येत बसवलेलं आहे. फ्लाईट शॉटसाठी थवा उठवणं ‘हाकणे’ या शब्दात बसतं की नाही याचा कीस कोर्टात वकील पाडतील. पण घरट्याजवळच्या फांद्या बाजूला करून पिल्लांचे फोटो काढणारा माणूस कायद्याच्या भाषेत निसर्गप्रेमी नसून शिकारी ठरतो, एवढं समजायला वकील लागत नाही.

आता कुणी म्हणेल, "उडाला तर काय बिघडलं? पक्षीच आहे, उडणारच!" हा युक्तिवाद पंख नसलेला माणूसच करू शकतो. पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला पक्षी मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. ट्रान्समीटर लावलेल्या पट्टकादंबांची सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं नोंदली गेली आहेत. तो इथे हवापालटाला येत नाही, पोट भरायला येतो. फेब्रुवारी-मार्चमधे परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. तोच त्याचा पेट्रोलचा टँक. आपल्या प्रत्येक फोटोमागे त्या टँकमधलं थोडं पेट्रोल जळतं, शिवाय चरण्याचा वेळ जातो तो वेगळाच. एका उड्डाणाने कुणी मरत नाही. पण दिवसाला दहा, असा अख्खा सीझन? त्याचा हिशोब हिमालयाच्या पायथ्याशी होतो, आणि तो बघायला आपण तिथे नसतो.

उन्हाळ्यात तर प्रकरण अजून गंभीर. धरणाचं पाणी उतरलं की बेटं उघडी पडतात, आणि नदी सुरय त्यांच्यावर अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूतला एक खळगा, बस. हा पक्षी आज आययूसीएनच्या यादीत ‘व्हल्नरेबल’ आहे. एप्रिलच्या दुपारी त्या अंड्यांना उब नको असते, सावली हवी असते. आई-बाप अंगाची छत्री करून बसतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात. तुम्ही बेटावर उतरलात की ते उठतात आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात. आपल्याला वाटतं, वा, काय जवळून दिसतोय! तेवढ्या वेळात खाली अंडी उकडत असतात.

आवाज वाजवण्याचंही तेच. पाणवनस्पतींत लपणारी फटाकडी दिसत नाही म्हणून मोबाईलवर तिचा आवाज लावायचा. मर्लिनसारखी ॲप्स फुकट आहेत, एरवी उत्तम आहेत, शिकायला मीही वापरतो. पण विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकणाऱ्या नराला वाटतं, कुणीतरी आपल्या हद्दीत घुसलंय. तो सगळं सोडून भांडायला बाहेर येतो, आणि समोर भांडायला कुणीच नसतं. आपला फोटो होतो. मग पुढची गाडी येते, तीही तोच आवाज लावते.

इथे आपल्या धंद्यातली गोष्ट आठवा. सर्व्हर कसा झोपवतात? एका दुष्ट रिक्वेस्टने नाही. हजारो अगदी सभ्य, नीटनेटक्या रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की तो आपोआप झोपतो. लॉग उघडून बघा, प्रत्येक रिक्वेस्ट म्हणते, "मी फक्त एक पान मागितलं." आपल्या दुर्मिळ पक्ष्यांवर दर विकांताला होतो तो हाच हल्ला. शुक्रवारी रात्री कुणीतरी व्हॉट्सॅपवर गूगल मॅप्सची पिन टाकतं, शनिवारी सकाळी सात वाजता चाळीस गाड्या. प्रत्येकजण म्हणतो, मी एकटाच तर आलोय.

आणि यावरचं उत्तरही आपल्याच धंद्यात तयार आहे. सॉफ्टवेअरमधे सिक्युरिटीचं भोक सापडलं तर शहाणा माणूस ते चौकात ओरडून सांगत नाही. आधी ज्याचं सॉफ्टवेअर त्याला कळवतो, दुरुस्तीला वेळ देतो, मग जाहीर करतो. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोचा शिरस्ता नव्वद दिवसांचा आहे. दुर्मिळ पक्ष्याची जागा, त्यातही घरट्याची, हे असंच भोक आहे. अभयारण्य असेल तर वनखात्याच्या माणसाला कळवा, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या जाणकाराला कळवा, आणि पक्षी निघून गेल्यावर किंवा पिल्लं उडाल्यावर बाकी जगाला सांगा. श्रेय कुठे जात नाही, तारीख तुमचीच राहते. (आणि हो, मोबाईलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश चिकटलेले असू शकतात. ‘लोकेशन गुप्त ठेवलंय’ म्हणत मूळ फाईलच फॉरवर्ड करणारे इंजिनिअर आहेत. त्यांच्या हातात प्रॉडक्शनचे पासवर्ड आहेत याची भीती वाटते.)

आता नेहमीचे आक्षेप.

एक: "नोंदी नाही केल्या तर विदा कुठून येणार?" रास्त प्रश्न. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल तीस हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. आपल्यासारख्या हौशी लोकांचं हे खरोखर मोठं काम आहे. पण शास्त्राला नोंद हवी असते, ती शुक्रवारी रात्रीच हवी असते असं नाही. ई-बर्डवर महिन्याने जुनी तारीख घालून यादी भरता येते. काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण ई-बर्ड स्वतःहूनच लपवतं. नोंद शास्त्रासाठी, पिन गर्दीसाठी. दोन्हींची गल्लत नको.

दोन: "नावाडीच उडवतात हो, आम्ही काय करणार?" हा आक्षेप ऐकला की माझं डोकं फिरतं. तिथली कितीतरी तरुण मुलं मासेमारीच्या घरांतली. त्यांना पक्ष्यांची मराठी, इंग्रजी दोन्ही नावं येतात, कोणता पक्षी कुठल्या वळणावर बसतो ते झोपेतही सांगतील. ते उडवतात, कारण फ्लाईट शॉट मिळाला की आपण खुश होऊन वर बक्षिशी देतो. मागणी आपली, पैसे आपले, आणि दोष बांबू रेटणाऱ्याचा? हीच बक्षिशी न उडवल्याबद्दल देऊन बघा. एका सीझनमधे फरक पडेल.

तीन: "खरं नुकसान सांडपाण्याने होतं, आमच्या चार फोटोंनी काय होणार?" सांडपाण्याने होतं हे शंभर टक्के खरं. पण ते सांडपाणी कुणाचं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. म्हणजे आपण सोमवार ते शुक्रवार फ्लेमिंगोंच्या ताटात जे सोडतो, तेच बघायला शनिवारी कॅमेरा घेऊन जातो. नदीसाठी भांडायचं आहेच. महापालिकेला सांडपाणी प्रकल्पांचा जाब विचारायचा आहे. पण ते भांडताना आपले हात स्वच्छ असलेले बरे.

चार: "मग आम्ही दुर्मिळ पक्षी बघायचेच नाहीत का?" अहो, बघा ना! उलट असं वागलात तर जास्त दिसतील. नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, मागे साचलेल्या गाळाची बेटं, उथळ पाणी. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, २०२० साली ते जाहीर झालं. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावर शांत बसायचं आणि थवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी करत वाचायचा. चक्रांग, चक्रांग, थापट्या, तलवार बदक, चक्रांग... आणि मधेच एखादा वेगळा. दुर्मिळ पक्षी बहुतेक वेळा साध्या पक्ष्यांच्या गर्दीतच बसलेला असतो. ज्याला साधे पक्षी पाठ आहेत त्यालाच तो दिसतो. बेसलाईन माहीत नसेल तर ॲनोमली कशी ओळखणार? दुसऱ्याच्या पिनवर पळणाऱ्याची यादी फुगते, नजर मात्र आहे तिथेच राहते.

अंतर किती ठेवायचं? मीटर मोजू नका, पक्ष्याकडे बघा. माना खाली, चरणं चालू, म्हणजे ठीक. माना वर, थवा दाटीवाटीने एकत्र येतोय, सगळे एकाच दिशेला चालायला लागलेत, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. थांबा. उडेपर्यंत वाट बघायची नसते. टिटवी डोक्यावर ओरडत असेल तर पायाखाली बघा आणि आल्या वाटेने मागे फिरा. घरट्याचा फोटो नाही, विणीच्या दिवसांत आवाज नाही, ड्रोन तर नाहीच नाही. दुर्मिळ पक्षी दिसला तर पंधरा मिनिटं बघा आणि जागा सोडा, मागच्याला बोलवायला फोन लावू नका.

यातलं काही अवघड नाही. अवघड आहे ते मोकळ्या मेमरी कार्डाने घरी येणं आणि सोमवारी कँटीनमधे "काय मिळालं?" याला "काही नाही, मजा आली" असं उत्तर देणं.

येत्या हिवाळ्यात भिगवणला जाणार असाल तर एवढं करा. होडीत पाय ठेवायच्या आधी, पैसे ठरवतानाच, मोठ्याने सांगा: "दादा, थवा उडवायचा नाही. नाही उडाला तर बक्षिशी जास्त." तुमच्याच होडीतला कुणीतरी तोंड वाकडं करेल. करू दे.