पांडुरंगावर सोडणे म्हणजे काय?

आज कार्तिक शुद्ध एकादशी, प्रबोधिनी. आषाढात निद्रिस्त झालेला शेषशायी आज जागा होतो, अशी आपली श्रद्धा. चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटेपासून टाळ-मृदंगाचा गजर चालू आहे, दर्शनबारी दूरवर गेली आहे आणि ज्यांना पंढरीस येणे घडले नाही त्यांनी घरोघरी तुळशीपुढे दिवा लावून व्रत धरले आहे. अशा मंगल दिवशी भाविक वाचकांपुढे एक अवघड प्रश्न ठेवावा की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु देव जागा होतो त्या दिवशी भक्ताने डोळे मिटून घ्यावेत, हे काही बरे दिसत नाही.

हा प्रश्न मला गतवर्षीच्या चातुर्मासात एका श्रोत्याने विचारला. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. पन्नाशीतले एक गृहस्थ मात्र खांबाशी उभे राहिले. जवळच्याच खेड्यातले, माळकरी, एकादशीला न चुकता येणारे. त्यांच्या थोरल्या बंधूंनी मधल्या भावाच्या विधवेकडून, कर्जाचा कागद आहे असे सांगून, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही या गृहस्थांची. आता त्या माउलीने दावा लावला होता आणि साक्षीसाठी यांना बोलावणे आले होते. खरे सांगावे, तर ज्या भावाने वडिलांच्या पश्चात यांना वाढविले, शिकविले, त्याच्यावर फौजदारी होण्याचा संभव. खोटे सांगावे, तर गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, "महाराज, प्रकृतीचं कारण सांगून कोर्टात गेलोच नाही आणि सगळं पांडुरंगावर सोडलं, तर चालेल का?"

मी काय उत्तर दिले, ते सांगताना आजही मान खाली जाते. "पांडुरंग सर्व पाहतो आहे, तो योग्य तेच करील," असे म्हणून मी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. आम्हा कीर्तनकारांपाशी अशी गुळगुळीत वाक्ये पुष्कळ असतात. ती कोठेही बसतात आणि कोणालाही दुखवीत नाहीत. गृहस्थ नमस्कार करून गेले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण न्याय आणि देवावरचा विश्वास यांची अशीच गाठ माझ्या स्वतःच्या घरात एकदा पडलेली होती.

पंढरीच्या या मंदिरात १९४७ च्या मे महिन्यापर्यंत अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांना प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे परंपरा सांगते. अस्थी महाद्वारापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. पुढे सहा शतके त्यांच्या बांधवांनी बाहेरूनच माथा टेकला. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही ते द्वार उघडले नाही. त्यानंतर १९४६ साली साने गुरुजींनी पंढरीच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावण्याचे ठरविले. त्यांनी त्यासाठी प्रथम निवडलेला दिवस आजचाच होता, कार्तिकी एकादशीचा. सेनापती बापट प्रभृतींच्या आग्रहास्तव त्यांनी सहा महिने थांबून महाराष्ट्रभर दौरा केला. अनेक गावांनी आपली मंदिरे आणि विहिरी खुल्या केल्या. पंढरीचे द्वार मात्र बंदच राहिले, आणि १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींचे उपोषण सुरू झाले.

मंदिर खुले व्हावे की न व्हावे, हा प्रश्न आज कोणाही सुज्ञ माणसाच्या मनात उरलेला नाही, आणि नसावाच. पण त्या वेळी गुरुजींपुढे जे प्रश्न उभे राहिले ते सोपे नव्हते. उपोषण हे हृदयाला केलेले आवाहन, की मृत्यूचे भय घालून केलेली सक्ती? ज्यांना ते गुरुस्थानी मानीत त्या महात्माजींनीच उपोषण सोडावे असे कळविले. समोर उभे होते ते कोणी दरोडेखोर नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची पूजाअर्चा करणारी, आपल्या समजुतीप्रमाणे शास्त्र सांभाळणारी माणसे होती. उपोषणात प्राण गेले असते तर साऱ्या गावाच्या माथी कलंक आणि मनामनांत वैर राहिले असते. हे सर्व समजत असूनही गुरुजींनी निश्चय सोडला नाही. १० मे रोजी दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे मंडळींची संमती मिळाली आणि उपोषण सुटले.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्या वेळी विरोध करणाऱ्यांत होते. दशग्रंथी नव्हते, पण संहिता त्यांना मुखोद्गत होती आणि आचार कडक होता. वडील सांगत की, त्या दहा दिवसांत अण्णा रोज पहाटे देवापुढे बसून मंदिराची मर्यादा राखण्यासाठी जप करीत, आणि सायंकाळी मठाकडून येणाऱ्या कोणालाही अडवून हळूच विचारीत, "आज त्यांची प्रकृती कशी आहे?" त्या दहा दिवसांत त्यांचे स्वतःचे जेवणही एक वेळचेच होते. या दोन्ही प्रार्थना एकाच देवापुढे एकाच माणसाच्या. द्वार उघडल्यावर आजीने दुसऱ्याच दिवशी जाऊन दर्शन घेतले. अण्णा पुन्हा कधी आत गेले नाहीत.

१९६९ साली मी नऊ वर्षांचा होतो. दृष्टी मंदावल्यामुळे एकादशीला त्यांचा हात धरून मला महाद्वारापर्यंत जावे लागे. नामदेव पायरीशी उभे राहून ते कळसाला हात जोडीत आणि परत फिरत. एकदा मी विचारले, "अण्णा, आपण आत का जात नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, तुझ्या मनात असेल ते होऊ दे, असं मी त्याला तेव्हा सांगितलं होतं. त्याच्या मनातलं झालं. ते मला सोसवत नाही, हा दोष माझा." ज्या जागी चोखोबांचे बांधव शतकानुशतके थांबले होते, तेथेच अण्णा बावीस वर्षे थांबत होते. हे त्यांच्या लक्षात आले होते की नाही, ते मला ठाऊक नाही. विचारण्याचे माझे वय नव्हते. आणि वय झाले तोवर ते राहिले नव्हते.

अण्णांच्या श्रद्धेत खोट नव्हती. न्याय मात्र त्यांच्या बाजूला नव्हता. माझी निष्ठा उत्कट आहे, एवढ्यावरून माझी बाजू धर्माची ठरत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे गीता शिकताना याची वारंवार आठवण झाली. अर्जुन रथात धनुष्य टाकून बसतो आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. भगवंत ते सर्व ऐकून घेतात, आणि त्या पहिल्या अध्यायाला परंपरेने विषाद'योग' असे नाव दिले. विषादालाही योग म्हणणारा धर्म प्रश्नांना भ्यायचे कारण नाही. आठव्या अध्यायात भगवंत एकाच दमात दोन आज्ञा देतात: माझे स्मरण ठेव आणि युद्ध कर. या दोहोंना जोडणारे 'च' हे एकाक्षरी अव्यय आपण प्रवचनकार फार घाईने ओलांडतो. स्मरण केले की कर्तव्य सुटले, असा अर्थ त्यातून निघत नाही. अठराव्या अध्यायात तर सर्वस्वी शरण येण्याचे प्रसिद्ध आवाहन होण्यापूर्वी, अवघे तीन श्लोक आधी, भगवंत सांगतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. विचार टाळून आलेली शरणागती त्यांनी मागितलेली नाही.

पूर्वरंगातील हा सिद्धान्त येथवर गोडच वाटतो. अवघड आहे ते पुढचे आख्यान. द्रोणपर्वात अश्वत्थामा मारला गेला, असे अर्धसत्य धर्मराज उच्चारतो. ते सुचविणारे प्रत्यक्ष श्रीकृष्ण आहेत. पक्ष न्यायाचा, सारथी देव. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. हिशोब तेथेही मिटला नाही. स्वर्गारोहणपर्वात त्याला नरकाचे दर्शन घडते, आणि इंद्र त्याचे कारण सांगतो ते हेच, द्रोणांशी केलेले कपट. तरुणपणी मी हा भाग कीर्तनात चटकन उरकीत असे. श्रोत्यांचा हिरमोड होतो. आता उरकीत नाही. व्यासांनी देवाच्या सांगण्यावरून केलेल्या कर्माचाही जमाखर्च भक्ताच्या नावे लिहून ठेवला, आणि भक्ताने तो देवाकडे बोट न दाखविता सोसला. या हिशोबातून न्यायाच्या बाजूने उभे राहणाराही सुटत नाही.

साने गुरुजींकडे या दृष्टीने पाहावे. उपोषणात दडपण होतेच. नव्हते असे म्हणणे खरेपणाचे नाही. परंतु त्या दडपणाचे मोल त्यांनी स्वतःच्या देहातून चुकते केले. विरोधकाचा द्वेष केला नाही. त्याचे मन वळेल की नाही, आपण वाचू की नाही, हे मात्र त्यांनी खरोखर पांडुरंगावर सोडले. जे आपल्या हाती होते त्यातले काही सोडले नाही.

तर पुन्हा त्या गृहस्थांकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानासाठी वाळवंटात गेलो असता ते पुंडलिकाच्या देवळाजवळ बसलेले दिसले. रात्रभर घरी गेलेच नव्हते. मी त्यांच्याशेजारी वाळूत बसलो आणि आदल्या रात्रीचे माझे वाक्य परत घेतले. म्हटले, "साक्षीला जा. आणि भावाचं सांगण्यापूर्वी तुमच्या सहीचं सांगा. कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक होतं का, हे आधी स्वतःशी ठरवा." ते खाली पाहत म्हणाले, "होतं, महाराज." हे त्यांनी आजवर कोणापाशी, बहुधा देवापाशीही, बोललेले नव्हते. मी पुढे म्हटले, "मग तेच पहिलं सांगा. त्यानं तुम्हालाही शिक्षा होईल कदाचित. वकिलाला विचारून जा, पण जा. भावाविषयी एकही जास्तीचा शब्द नको. त्यानंतर त्यांचं काय होईल, ते तुमचं तोंड पाहतील की नाही, हे पांडुरंगावर सोडा. आणि तो भावाला वाचवीलच, अशी अट त्याला घालू नका."

हे सांगताना मला धीर होता, असे कोणी समजू नये. एका घराचे दोन तुकडे करण्यात आपलाही हात लागतो आहे, हे मला दिसत होते. माझा सल्ला चुकला असेल तर त्याचा भार माझ्यावर आहे. तो पांडुरंगाच्या पायरीवर ठेवून मोकळे होण्याची सोय मला आता नाही.

ते साक्षीला गेले. स्वतःच्या सहीपासून सुरुवात केली. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्या विधवा वहिनी त्यांच्याशी बोलतात, पण पूर्वीसारख्या नाही. आणि ते त्यांनी मान्य केले आहे. थोरल्या घराचे दार यंदाच्या दिवाळीत त्यांच्यासाठी उघडले नाही.

काल दशमीला ते दिंडीबरोबर पंढरीत आले. दोन तुळशीहार घेतले होते; एक आपला, दुसरा दादांच्या नावाचा. दादांना हे ठाऊक नाही, असे म्हणाले. मी विचारले, "मनाला शांतता आहे का?" त्यांनी नकारार्थी मान हलविली, हार ओल्या फडक्यात गुंडाळले आणि ते बारीत जाऊन उभे राहिले.