कामांची यादी एकच ठेवा

जबलपुरात तीन-चार कॉम्प्युटरवर छोटं ऑफिस चालवणाऱ्या आपल्या मराठी वकील आणि सीए मंडळींना एक सांगायचं आहे. १९५६ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ या गावात आलं. त्या काळी वकिलाच्या ऑफिसात पेशीची डायरी एकच असायची आणि ती मुन्शीच्या ताब्यात असायची. कॉम्प्युटर आले आणि ही साधी शिस्त सुटली.

सगळ्यात जास्त घोळ शेअर केलेल्या एक्सेल फाइलचा. एकाने ती उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. तो घाईत असतो, म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह करतो. झाल्या दोन याद्या! एकीत अपील दाखल झाल्याची खूण, दुसरीत ते बाकी. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस मिळतात, खालच्या अपिली न्यायालयात ३०. विलंबमाफीच्या अर्जात ‘फाइली दोन झाल्या होत्या’ हे कारण कोणत्या तोंडाने लिहिणार? सीएंकडे तर हे दर महिन्याचं: ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. व्हॉट्सअॅपचा ग्रुप निरोपापुरता ठीक. तिथे पाच जणांनी अंगठा दाखवला तरी काम घेतलं कुणी, ते कळत नाही.

म्हणून यादीची फाइल शेअर करू नका, यादीच शेअर करा. एका कॉम्प्युटरवर रॅडिकेल हा यादी सांभाळणारा, फुकट मिळणारा छोटा सर्व्हर बसवा आणि बाकीच्यांवर ती यादी दाखवणारा थंडरबर्ड हा प्रोग्राम. यात प्रत्येक काम ही स्वतंत्र नोंद असते, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या कामांवर खूण केली तरी काही बिघडत नाही. बसवताना एक अडचण हमखास येते: रॅडिकेल सुरुवातीला फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरला उत्तर देतो. सेटिंगमध्ये त्याला नेटवर्कचा पत्ता द्यावा लागतो आणि फायरवॉलमध्ये ५२३२ हा पोर्ट मोकळा करावा लागतो. तेवढं नेटवर्कवाल्याकडून करून घ्या. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा.

तो कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा, त्याची स्लीप बंद करा आणि राउटरमध्ये त्याला कायमचा पत्ता नेमून द्या. नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलू शकतो आणि सगळ्यांची यादी अडते. यादीचं फोल्डर रोज पेनड्राइव्हवर उतरवा. घरून बघता यावं म्हणून राउटरचा पोर्ट इंटरनेटला उघडा करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तो विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या फटीतूनच.

यंत्राचं झालं, आता माणसांचं. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख लिहा. ‘सगळे’ हे कुणाचंच नाव नाही. शेवटची तारीख न लिहिता तिच्या चार दिवस आधीची लिहा. खूण करायची ती पावती हातात आल्यावरच, ‘होईलच आज’ म्हणून नव्हे. ज्येष्ठ वकीलसाहेबांनीही आपली कामं यातच टाकावीत. साहेब चिठ्ठीवर लिहू लागले की ज्युनियरही चिठ्ठीवरच जातात.

सुरुवात चालू महिन्याच्या तारखांपासून करा, जुनं सगळं भरत बसू नका. आणि जुन्या एक्सेल फाइली त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरात हलवून फक्त वाचण्यापुरत्या ठेवा, नाहीतर आठवड्याभरात कुणीतरी सवयीने नवी पेशी तिथेच लिहील.