पाडव्याचं श्रीखंड आणि 'फक्त मुलींसाठी'

मंडळी, पाडवा तोंडावर आलाय. काल आपल्या भागातल्या एका शाळेची सूचना व्हॉट्सअॅपवर फिरत आली. 'विनाअग्नी पाककला स्पर्धा. इयत्ता ५वी ते ७वी. फक्त मुलींसाठी.' मुलांसाठी काय? त्याच वेळी मैदानावर क्रिकेट!

राहवलं नाही म्हणून फोन केला. उत्तर आलं, "अहो साहेब, पोरांना काय करायचंय त्यात? पालकच हसतील."

हसू द्या की! आधी पदार्थ तरी बघा. पाडव्याचं श्रीखंड. गॅस नाही, तेल नाही, सुरीसुद्धा नाही. रात्री लिटरभर घट्ट दही स्वच्छ पंचात बांधून टांगायचं, उन्हाळा आहे म्हणून फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवलं तरी चालतं. सकाळी चक्का तयार. तो पोरांनाच वजन करायला लावा. त्याच्या पाऊणपट पिठीसाखर किती, हे त्यांनीच काढावं. मग पुरणयंत्रातून फिरवायचं, वेलची कुटायची, थोडं जायफळ किसायचं, दुधात भिजवलेलं केशर घालायचं. पुरणयंत्र फिरवताना दंड भरून येतात. यातलं कोणतं काम मुलगा असल्यामुळे अडतं, ते मला कुणीतरी सांगा.

काहीजण म्हणतील, एवढ्याशा स्पर्धेचं काय घेऊन बसलात? तर आकडे घ्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. २०१९ ला हीच मिनिटं २९९ आणि ९७ होती. म्हणजे पाच वर्षांत पुरुषांचा हातभार वाढला नाही, उलट घटला. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. पुस्तकात बाबा भाजी निवडतात आणि शाळेच्या सूचनेत मुलग्याला प्रवेश नाही!

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. लहानपणी पाडव्याला माझं काम एकच, भांडं चाटायचं. पुरणयंत्र आई आणि ताई फिरवायच्या. डिप्लोमाला बाहेरगावी खोली घेऊन राहिलो, तेव्हा साधी खिचडी येत नव्हती. मेसवाल्या मावशींनी डबा दिला नसता तर उपाशी मेलो असतो. ते कौतुकानं सांगण्यासारखं नाही, लाज वाटण्यासारखं आहे.

शाळेला हात जोडून विनंती आहे. स्पर्धा घ्याच, छान उपक्रम आहे. त्या सूचनेतले फक्त दोन शब्द खोडा. क्रिकेटही सगळ्यांना खेळू द्या.

आणि बाबालोकहो, शाळेची वाट बघू नका. पाडव्याच्या आदल्या रात्री दही टांगायला मुलाला बरोबर घ्या. सकाळी पुरणयंत्र त्याच्या हातात द्या. आणि भांडी? ती पण तुम्ही दोघांनीच घासायची.