सत्तावन्न फॉर्म आणि एक सोपा उपाय

दिवाळीला यावलला गेलो होतो. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी भुसावळ, तिथून एसटी. खिडकीबाहेर केळीच्या बागा, मागे सातपुडा आणि डोक्यात फक्त आत्याच्या हातचं वांग्याचं भरीत! पण घरात शिरतो तर ओसरीवर फराळाच्या डब्यांऐवजी कागदांचे गठ्ठे. मधोमध आमची ताई, म्हणजे माझी आतेबहीण, कपाळाला हात लावून बसलेली.

ताई एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय आहे केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बायकांची कमाई. आराखड्यात लिहिलंय, २०० मुलाखती. हातात आहेत १४३. उरलेल्या ५७ साठी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायला हवं. गाडी नाही, रजा नाही. तास बुडाला की त्याचे पैसेही बुडाले. वर प्रबंधाची मुदत डोक्यावर.

एका अनुभवी सहकाऱ्याने तिला सोपा उपाय सांगितला होता. "एवढं काय टेन्शन घेता मॅडम? सगळे करतात तेच करा." तेच म्हणजे काय, तर एक संध्याकाळ, चार वेगवेगळी पेनं आणि घरातली दोन-तीन माणसं. दोन तासांत ५७ फॉर्म तयार!

"बरोबर आहे की," मी चकली तोडत म्हणालो. "१४३ बायकांवरून अंदाज आलाच आहे. उरलेल्या काय वेगळं सांगणार?"

ताईने असं काही बघितलं, की चकली हातातच राहिली.

खरं सांगतो, मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मास कॉमला असताना माझ्या डिझर्टेशनमध्ये ५० वाचकांचा सर्व्हे होता. त्यातल्या निम्म्या वाचकांचा जन्म माझ्या होस्टेलच्या खोलीत झाला होता. मार्क झकास पडले. कुणी विचारलं नाही, आणि असं करू नये हे दोन वर्षांत कुणी सांगितलंही नाही. हसू नका! शुक्रवारी संध्याकाळी बॉसच्या प्रेझेंटेशनसाठी कस्टमर फीडबॅकचे आकडे 'जरा नीट' करणारे तुमच्यातही असतीलच.

ताईने गठ्ठ्यातला एक फॉर्म काढून माझ्यापुढे धरला. मजुरीच्या रकान्यात रक्कमच नव्हती. लिहिलं होतं, 'हातात पैसे येत नाहीत, उसनवारीत वळते होतात.' ताई म्हणाली, "हे उत्तर तू घरी बसून लिहिलं असतंस का?"

नसतं लिहिलं. मी एक आकडा टाकला असता, चारचौघींसारखा. आणि त्या बाईची खरी अडचण प्रबंधातून गायब झाली असती. खोट्या डेटाने असंच होतं. तो नेहमी आपल्याला आधीच माहीत असलेलंच सांगतो.

रात्री जेवताना दुसरी भानगड कळली. ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज येऊन पडला होता. 'पेपर पाठवा, तीन दिवसांत छापून मिळेल, सर्टिफिकेट फ्री.' पिझ्झाची ऑफर वाटावी, अशी भाषा! अशा दुकानांना 'प्रीडेटरी' म्हणजे शिकारी जर्नल हे नाव जेफ्री बील नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने २०१० मध्ये दिलं. पण शिकारी कुठे येतो? सावज असतं तिथे. आणि सावज आपल्या नियमांनीच तयार केलं.

कसं ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलावण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. त्यात एका पेपरला दोन गुण, जास्तीत जास्त दहा. आता सांगा, वर्षानुवर्षं तासिकेवर काढलेल्या माणसाला पाच पेपर म्हणजे काय दिसणार? ज्ञान नव्हे, पर्मनंट नोकरी. पेपरात काय आहे हे वाचायला वेळ कुणाला? मोजायला मात्र सोपं.

मग मोजणाऱ्यांनी यादी केली. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण नावाजलेल्या सूचींमध्ये नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असं त्यात निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग 'केअर' नावाची नवी, गाळलेली यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर झालं. जर्नल कसं पारखायचं ते आता ज्या त्या संस्थेने ठरवायचं.

चोरीसाठीही नियम आहेत. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबा. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. चांगलं आहे. पण लगेच १० च्या खाली कसं यायचं याचे फंडे निघाले. शब्द फिरवा, वाक्य उलटं करा, आता तर एआयला सांगा. आणि सॉफ्टवेअर साम्य पकडतं, खोटेपणा नाही. ताईचे ते ५७ फॉर्म शंभर टक्के 'ओरिजिनल' ठरले असते!

आमचे आतोबा पक्के केळीवाले. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "करपा आला की नुसती पानं कापून भागत नाही. पाणी साचतंय का, झाडं दाटीने लावलीत का, तण माजलंय का, ते बघावं लागतं. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच."

मला वाटतं, मुद्दा एवढाच आहे. पकडलेल्या माणसाला शिक्षा हवीच. पण बागेतलं साचलेलं पाणी कोण काढणार?

थोडं निघतंय. यूजीसीने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी. करणाऱ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचा केला. २०२२ मध्ये प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली. देशातल्या संस्थांची एनआयआरएफ क्रमवारी लावताना २०२५ पासून मागे घ्याव्या लागलेल्या पेपरांसाठी गुण कापायलाही सुरुवात झाली.

ताईनेही तो कोर्स केलाय. "व्याख्याही लिहिल्या, पासही झाले," ती म्हणाली. "पण २०० चे १४३ झाले तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही." खरं ट्रेनिंग इथे हवं. फॉर्म कमी पडले तर प्रबंधात कसं लिहायचं, निकाल मनासारखा आला नाही तर गाइडला कसं सांगायचं, आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही, हे उदाहरणं घेऊन शिकवायला हवं. त्या वर्गात विद्यार्थ्याशेजारी गाइडलाही बसवायला हवं. आणि नोकरी देताना पाच पेपर मोजण्याऐवजी उमेदवाराचा सगळ्यात चांगला एक पेपर वाचायला हवा. वेळ लागेल, पण दुकानं आपोआप ओस पडतील.

ताईचं विद्यापीठ जळगावचं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणायच्या आणि घरातली माणसं ती उतरवून घ्यायची. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. १९५१ मध्ये आई गेल्यावर त्याने ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं, आईच्या नावाने. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे आणि त्याच्याच नावाने पोचवायचे. संशोधन तरी याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवशी ताईने गाइडना फोन केला. बराच वेळ पलीकडून नुसतं "हं, हं." शेवटी ते म्हणाले, "१४३ च ठेवा. का ते एका पानात लिहा. आपण समितीला पत्र देऊ." पत्र गेलंय, उत्तर अजून यायचंय. मुदत हुकलीच तर आणखी सहा महिने जातील, हे ताईला माहीत आहे.

निघताना मी विचारलं, "एवढं कशासाठी, ताई?" ती म्हणाली, "एका आजीने फॉर्म भरून झाल्यावर माझा हात धरला होता. म्हणाली, 'लिही माय, पन मी सांगितलं तेच लिहिजो.'"

पुण्याला परतल्यावर माझं जुनं डिझर्टेशन कपाटातून काढलं. ते २५ वाचक अजून त्यात आहेत. सगळ्यांची मतं अगदी माझ्यासारखी!