खलाशाचा वाटा कोण लिहिणार?

बंगळूरच्या कारखान्यात अपघात झाला तर कामगार भरपाईचा दावा स्वतः लावतो. समुद्रावर परदेशी जहाजावरून गोळी आली, तर आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभा राहतो तो देश, खलाशी नव्हे.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या समुद्रात ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात ‘सेंट अँटनी’ बोटीवरील दोन मच्छीमार ठार झाले. सागरी कायद्याच्या १९८२ च्या कराराखालील लवादाने २०२० मध्ये निकाल दिला : नौसैनिकांवर भारतात खटला चालणार नाही, मात्र जीवितहानी, बोटीचे नुकसान आणि खलाशांनी भोगलेला मनस्ताप यांची भरपाई इटलीने द्यावी.

इटलीने १० कोटी रुपये दिले. २०२१ मध्ये मृतांच्या वारसांना प्रत्येकी ४ कोटी व बोटमालकाला २ कोटी ठरले. खलाशांचे नाव त्यात नव्हते! त्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा २०२२ मध्ये मालकाच्या रकमेतून नऊ जणांना प्रत्येकी ५ लाख मंजूर झाले.

देशाच्या नावाने आलेल्या भरपाईत श्रमणाऱ्याचा वाटा पहिल्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे. तो लिहून घेण्यासाठी बंदराबंदरांत खलाशांची संघटना उभी राहिली पाहिजे.