सहीशिवाय नोंद नाही

आमच्या बचत गटाचा एक साधा नियम आहे. कुणी पन्नास रुपये भरले तरी सहीशिवाय वहीत नोंद नाही. सख्खी जाऊ असली तरी नाही. त्याचा कुणाला रागही येत नाही. पैशाचा मामला आहे ना!

पण २०१८ च्या जूनमध्ये मी स्वतःच एक 'नोंद' सहीशिवाय करून बसले. 'मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे' असा मेसेज मोबाईलवर आला. सोबत व्हिडिओ. मोटारसायकलवरचे दोघं खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. माझ्या पोटात धस्स झालं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी तो गटातल्या सगळ्याजणींना पाठवून मोकळी झाले. सावध राहिलेलं बरं, आपलं काय जातं?

चार दिवसांनी आमच्या गल्लीत सुया-पोत, बिब्बे विकणारी बाई आली. दरवर्षी येणारी, ओळखीची. तरी बायकांनी तिला घेरलं, गाठोडं उघडायला लावलं. आत काळे मणी, दाभण आणि फडक्यात बांधलेली भाकर. मी धावत गेले, "अगं, काय करता हे?" म्हणून ओरडले. तशी एक जण म्हणाली, "ताई, मेसेज त तुमीच टाकला होता ना!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई त्यानंतर आमच्या गल्लीत आली नाही.

पुढे १ जुलै उजाडला. आपल्या वाशीम जिल्ह्याचा हा वाढदिवस, १९९८ साली याच दिवशी आपण अकोल्यापासून वेगळे झालो. त्या दिवशी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या खोलीत कोंडून मारलं.

मला राहून राहून ती खोली आठवते. ग्रामपंचायत म्हणजे लोकशाहीचं सगळ्यात धाकटं घर. तिथे अर्ज घेतात, ऐकून घेतात, ठराव लिहितात. त्याच घरात पाच माणसांचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्यांच्यावरचा 'ठराव' मोबाईलवर आधीच झाला होता.

आणि तो व्हिडिओ? त्या दिवसांत देशभर फिरलेला तो तुकडा कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधला होता, हे नंतर कळलं. मूळ फिल्ममध्ये ती माणसं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहायला सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला होता.

राईनपाड्याला निदान भीती तरी होती. पुढची गोष्ट मला जास्त घाबरवते. १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावानं मारलं. मूळ पुन्हा तीच, मुलं चोरणाऱ्यांची अफवा. पण त्यानंतर समाजमाध्यमांवर त्याला हिंदू-मुस्लिम रंग दिला गेला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. पण यादी वाचायला वेळ कुणाला होता? ज्याला जे मानायचं होतं, ते त्यानं मानलं होतं.

भीतीनं पसरलेली अफवा एक वेळ विझते. राजकारणासाठी पेरलेली मात्र विझू दिली जात नाही. २०१६ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'पोस्ट-ट्रुथ' हा त्या वर्षाचा शब्द ठरवला. खरं काय यापेक्षा मनाला काय पटतं, याला जास्त वजन. आमच्या आजीनं याला 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' म्हटलं असतं. पण मतदान त्याच मनानं होतं, मैत्रिणींनो! रांगेत उभं राहायचं, शाई लावून घ्यायची आणि मत मात्र कुणीतरी शेवट कापलेल्या चित्रावर द्यायचं. मग ते मत आपलं कसं?

१७ जुलै २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणायचं ठरवलं. दोन्ही चांगलंच. पण माझा अंगठा माझ्याच हाताला आहे, तिथे कुठला अधिकारी बसणार?

म्हणून आम्ही गटात नियम वाढवला. कुणी पाहिलं? कुठे? कधी? तिन्हीचं उत्तर असेल तरच मेसेज पुढे. सुरुवातीला कुरकुर झाली, "आता गप्पाही वहीत लिहायच्या का?" म्हणून हसल्या. आता मात्र मीच काही पाठवलं तर पहिला प्रश्न येतो, "ताई, सही कोणाची हाय याच्यावर?"

विचारतात ते बरं वाटतं. हाच प्रश्न त्या जूनमध्ये कुणी मला विचारायला हवा होता.